मॉरिस, शनिवारी शाळेत ये

बेव्हर्ली,
गुरुवार

मॉरिस स्टॅदर्स यास,

सिरिल ब्लेंकिनचा जुन्या हक्काचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, खोकला कसा आहे आणि कबुतरं कशी आहेत? (कबुतरांचं आधी विचारायला हवं होतं, मला माहीत आहे. राग मानू नकोस.) माझं म्हणशील तर ठीक चाललं आहे. डॉक्टरीणबाईंनी साखर, मीठ आणि लोणी बंद केलं आहे आणि वर 'आता मजेत राहा' असं सांगितलं आहे. माझी बायको ऑड्री गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो, त्यामुळे त्यांनी बंद केलं नसतं तरी चवीत फारसा फरक पडला नसता. बटाटे मला उकडता येतात. बाकी काहीही शिजायला ठेवलं की मी पेपर वाचायला बसतो आणि मग शेजारचे येऊन खिडक्या उघडतात.

पत्राला कारण असं की आपली लॅम्बवेलची शाळा पाडणार आहेत. येत्या शनिवारी चार वाजता तिथल्या हॉलमध्ये जुन्या मुलांना चहा ठेवला आहे आणि आठवणी सांगायला मला बोलावलं आहे. मला का, तर मी पाणीपुरवठा खात्यात बरा साहेब होऊन निवृत्त झालो म्हणून. (शाळेच्या आठवणींचा आणि नळाच्या दाबाचा काय संबंध, ते मी विचारलं नाही.) तर तू ये. निकालाच्या दिवशी तू म्हणाला होतास की या फाटकातून मी परत आत पाऊल टाकणार नाही, आणि ते तू पाळलंस. तुझ्या लेकाला, कीथलासुद्धा तू फाटकाबाहेर सोडून परत फिरायचास, हे मला ठाऊक आहे. तरी ये. कारण महिनाअखेर तू ऑस्ट्रेलियाला त्याच्याकडे कायमचा चालला आहेस, आणि हे तू मला कळवलेलं नाहीस. नाताळच्या कार्डावर 'बरं आहे, मॉरिस' एवढंच होतं. दरवर्षी तेवढंच असतं. मीही तेवढंच लिहितो, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

मला हे कसं कळलं, तेही ऐक. गेल्या मंगळवारी मी स्वतः तुला बोलवायला लॅम्बवेलला आलो होतो. (फोन तू उचलत नाहीस, ही कीर्ती बेव्हर्लीपर्यंत पोचली आहे.) बसमधून उतरलो आणि हरवलो. आपल्या वेळी तिथली घरं एका साच्यातून काढल्यासारखी होती आणि सगळ्या दारांना नगरपालिकेचा एकच हिरवा रंग होता. आता लोकांनी ती विकत घेतली आणि ज्याच्या जे मनात आलं ते त्यानं केलं. एकानं पुढे असे खांब उभे केलेत की आत चेक वटवायला जावं. एकानं दाराशी दगडी सिंह बसवलेत. निम्म्यांनी नंबर काढून टाकून घरांना नावं दिलीत. 'सागरलहर' नावाच्या घरासमोर मासे-बटाट्याचं दुकान आहे, तेवढाच काय तो समुद्राशी संबंध. तुझा नंबर मी झोपेतून उठवलं तरी सांगेन, पण नंबरच दिसेना. शेवटी एक दार ठोठावलं. कडेवर मूल घेतलेल्या एका पोरीनं ते उघडलं आणि म्हणाली, "आलात एकदाचे! सकाळपासून गारठलोय आम्ही. पाय पुसा, बॉयलर आत आहे."

मी तोंड उघडेपर्यंत बॉयलरसमोर उभा होतो. आता कडेवर मूल असलेल्या बाईला 'मी तो नव्हे' म्हणून निराश करायचं माझ्या जिवावर आलं. मी दोनदा हं हं केलं, चष्मा लावला, काढला, आणि केवळ शिष्टाचार म्हणून एक बटण दाबलं, तर तो सुरू झाला. (पाणीपुरवठ्यात सगळा जन्म काढला, पण इतकी वाहवा कधी झाली नव्हती.) तिनं चहा दिला, बिस्किटं दिली, मी डॉक्टरीणबाईंना स्मरून तीन खाल्ली. मग तुझी चौकशी केली, तर म्हणाली, "स्टॅदर्सकाका ना? समोरच राहतात. पण त्यांच्याकडे काम काढू नका हं, ते महिनाअखेर पर्थला चाललेत लेकाकडे, कायमचे. आत्ता उन्हाची टोपी आणायला गेलेत. आमच्या या हल शहरात कुठे मिळतेय बघू या!"

मी बाहेर पडलो तर कोपऱ्यावरून तू येत होतास. टोपी मिळाली होती. डोक्यावर होती आणि कानाशी तिचं लेबल लोंबत होतं. हाक मारायची सोडून, मॉरिस, मी शेजारच्या दारातल्या त्या दगडी सिंहामागे वाकून बसलो. तू दार उघडून आत गेलास, तरी मी तिथेच. एक तर कंबर धरली होती, आणि दुसरं म्हणजे तू 'काय रे, काय काम काढलंस?' असं विचारलं असतंस तर काय सांगणार होतो? शाळेच्या चहाचं आमंत्रण हे कारण बसमध्ये चांगलं भक्कम वाटलं होतं. तुला समोर बघितल्यावर ते अगदी लंगडं वाटायला लागलं. आपण शेवटचे एका टेबलाशी बसलो त्याला आता साठ वर्षं होत आली.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आलो तोही चुकूनच. युद्धात बॉम्बनी गोदीजवळच्या गल्ल्या सपाट केल्या, मग आपण सगळे नातेवाइकांच्या खोल्यांतून कोंबून राहिलो, आणि मग एकदाची ही वसाहत मिळाली. गल्ल्यांना फुलांची नावं होती आणि गल्लीत चिखल होता. शाळेच्या पहिल्या दिवशी आईनं मला पढवलं होतं, हिरवं दार, मागच्या दाराशी कोळशाची कोठी, ते आपलं घर. ते सगळ्यांचंच घर होतं. मी बिनधास्त मागच्या दारानं आत शिरलो. तुझी आई ओव्हनमध्ये डोकं घालून होती, तिनं वर न बघता सांगितलं, "हात धू आणि बस." मी हात धुतले आणि बसलो. तुम्ही इतकी भावंडं होतात की बाकावर एक जास्त झालं ते कुणाला कळलं नाही. पावाला चरबी लावून मिळाली, वर मीठ. शेवटी एका ओल्या फडक्यानं ओळीनं तोंडं पुसत ती माझ्यापर्यंत आली, माझंही पुसलं, मग हनुवटी धरून निरखून बघितलं आणि म्हणाली, "अगबाई, हा आपला नाही." तुझे वडील मासळीच्या गोदीवरून नुकते आले होते. ते म्हणाले, "नसू दे. जेवतो तर बरा." तू माझ्या शेजारी होतास. तू फक्त आणखी थोडा सरकलास.

दुसऱ्या दिवसापासून मी चुकायचं ठरवूनच यायला लागलो. माझी आई डब्यांच्या कारखान्यात संध्याकाळच्या पाळीला, बाप बोटीवर, भावंडं नाहीत, घरात घड्याळ तेवढं बोलायचं. तुमच्याकडे सगळेच एकदम बोलायचे. न्हाणीच्या टबात तुझ्या वडिलांचं आजारी कबुतर असायचं आणि शनिवारी आंघोळीच्या वेळी आधी त्याची परवानगी काढावी लागायची.

शाळेत काय शिकलो ते मला फारसं आठवत नाही, पण गमबूट आठवतात. रस्ते व्हायचे होते, म्हणून सगळी वसाहत गमबुटांत. सगळे काळे, सगळे एकाच दुकानातले. वर्गाच्या दाराशी त्यांचा ढीग पडायचा आणि सुटताना जे पायात जाईल ते घालून पोरं पळायची. दोन डावे घालून मी एक अख्खा हिवाळा काढला, त्या काळात मी चालायला लागलो की आपोआप उजवीकडे वळायचो. गार्बट बाईंनी उपाय म्हणून जोड्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावायला सांगितले. मग तू मधल्या सुट्टीत चिमटे बदलून ठेवलेस. बाईंनी तुला उभं करून विचारलं, हे कुणी केलं? तू म्हणालास, "बाई, वाऱ्यानं." त्या इतक्या हसल्या की छडी कुठे ठेवली तेच त्यांना सापडेना. तुझ्याइतका हुशार पोरगा त्या शाळेत नव्हता, हे बाईंना ठाऊक होतं. अपूर्णांक मला त्यांनी नाही शिकवले, तुझ्या कबुतरांवर तू शिकवलेस. निम्मी उडाली, उडालेल्यांतला तिसरा हिस्सा परत आला, तर बापाचा मार किती?

आणि मग ती अकराव्या वर्षाची परीक्षा आली. पास तो शहरातल्या ग्रामर शाळेत, टोपी आणि पट्ट्यापट्ट्यांचा टाय. नापास तो वसाहतीतल्या दुसऱ्या शाळेत, आणि तिथून पंधराव्या वर्षी गोदीवर. गणितं तू माझ्या आधी संपवलीस, मी तिरक्या डोळ्यानं बघत होतो. मग निबंध. विषय, 'माझे घर'. तू दोन ओळी लिहिल्यास. आमचं घर शेजारच्या घरासारखंच आहे. शेजारचं त्याच्या शेजारच्यासारखं आहे. आणि लेखणी खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसलास. लिहिलंस ते अक्षर न् अक्षर खरं होतं. परीक्षा काढणाऱ्यांच्या घरांना बहुतेक वेगवेगळी दारं असावीत. मी मात्र पानं भरली. बाक, ओलं फडकं, टबातलं कबुतर, एकदम बोलणारी माणसं. परत येताना मी तुला सांगितलं की मी तुमचं घर लिहिलं, तर तू पोट धरून हसलास. म्हणालास, "त्यात लिहिण्यासारखं काय होतं रे?"

त्या दोन ओळींनी तुझं गेलं, की दुसऱ्या कशानं, ते आपल्याला कुणी सांगितलं नाही. ट्रॅनमर हेडमास्तरांनी हॉलमध्ये पास झालेल्यांची नावं वाचली आणि त्यांना बाकावर उभं राहायला सांगितलं. सगळ्या वर्गातून आम्ही तिघं. मी वर चढलो आणि तुझं नाव येईल म्हणून थांबलो. ते वही मिटून खाली उतरले तरी मी थांबलोच होतो. तू खालून माझा घसरलेला मोजा वर ओढलास आणि हळूच म्हणालास, "नीट उभा राहा की लेका, सगळे बघताहेत." मला त्या क्षणी खाली उतरायचं होतं. पण मी अकरा वर्षांचा होतो आणि हेडमास्तरांनी उतरा म्हटलं नव्हतं.

त्या सप्टेंबरात ग्रामर शाळेच्या पहिल्या दिवशी बसमधून उतरलो तो सवयीनं तुमच्याकडे. तुझ्या आईनं टोपीकडे बघितलं, आणि कपाटातून पांढरा टेबलक्लॉथ काढला. बाकावर नाही, खुर्चीवर बसवलं. बशीसकट कप दिला. पोरांना दटावलं की सिरिलला त्रास देऊ नका, त्याला अभ्यास असतो. तिनं मोठ्या मायेनं केलं होतं ते, तिला माझा अभिमान वाटत होता. तू दारात उभा होतास. तू टेबलक्लॉथ बघितलास आणि मागच्या अंगणात कबुतरांकडे निघून गेलास. मी एकटा बसून खाल्लं. सांडू नये म्हणून फार जपून खाल्लं. त्यानंतर मी आठवड्यातून एकदा यायला लागलो, मग महिन्यातून, मग नाताळला, मग नाताळचं कार्ड. आपलं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, मॉरिस. भांडण मिटवता येतं. मला त्या गोष्टीचं फार वाईट वाटतं, आणि ते मी कधी बोललो नाही, कारण बोलण्यासारखं मला जे काही होतं ते तुझ्याशीच होतं.

तर शनिवार, चार वाजता. टोपी घालून ये, ऊन नसलं तरी चालेल. कबुतरांची काय सोय केलीस ते कळव. बॉयलर परत बंद पडला तर त्या पोरीला माझा पत्ता देऊ नकोस.

तुझा,
सिरिल

ता. क. आधी भाषण तू करणार आहेस. मी त्यांना तसं कळवून टाकलं आहे. गमबुटांचं सांग. चिमट्यांचंही सांग, आता गार्बट बाई नाहीत.

आणखी ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून उघडलं. (शिवाय बटाटेही जळले.) आत्ताच नगरपालिकेतून फोन आला. हॉलच्या छतात अ‍ॅस्बेस्टॉस सापडलं आहे, त्याची धूळ फुप्फुसांना घातक म्हणून आत कुणालाही सोडणार नाहीत, चहा रद्द. त्याच छताखाली आपण एवढी वर्षं घसा फोडून प्रार्थना म्हटल्या, ते मी फोनवरच्या बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, माहितीबद्दल आभारी आहोत. तेव्हा शनिवारी तिथे काहीच नाही. भाषण नाही, माणसं नाहीत. फाटकाला साखळी लावली आहे, म्हणजे तुझा शब्दही मोडायला नको. खरं तर आता तुला बोलवायला माझ्याकडे कारणच उरलेलं नाही. हे पत्र फाडायचं ठरवून दुसरं कारण शोधायला बसलो होतो, पण मला सापडलं नाही. तरी ये. मी चार वाजल्यापासून बाहेर उभा असेन.