तेविसावी ब्रॅडॉक

११ जानेवारी, शनिवार

तेविसावी सापडली!!

सकाळी विजयकुमार सरांचा फोन. मी इडलीचं पीठ ढवळत होते. "अनुपमा, आधी खाली बस." फुजैऱ्याला एका बंद गोदामात, ताडपत्रीखाली. सत्तर सालची ब्रॅडॉक — मोठं इंजिन, चार गिअर. माझी तेविसावी!

पिठाचा हात तसाच कानाला. मग सिंकपाशी उभी राहून रडले. ईशानी म्हणाली, "ममा, इट्स जस्ट अ कार."

नुसती कार नाही गं. त्या इंजिनाच्या एकोणचाळीसच बनवल्या अमेरिकेत. पुढे कंपनी बुडाली, दप्तर जळालं. नऊ वर्षं मी तिथल्या म्हाताऱ्या कामगारांना मेल करकरून एकेका गाडीचा जन्म लिहून काढतेय — कुठल्या आठवड्यात लाइनवरून उतरली, कुठला रंग, कुठला ॲक्सल. अडतीस गाड्यांचा पत्ता लागला. ही एकच राहिली होती.

हे वेड सरांनीच लावलं. मी शारजात नवी आले तेव्हा एका शेखच्या जुन्या गाड्यांच्या संग्रहात फायली लावणारी क्लार्क, ते मॅनेजर. आता त्यांचा स्वतःचा धंदा आहे, तरी विसरले नाहीत. नवऱ्याची, मिथुनची नोकरी गेली, चार महिने घरी बसून नुसता वाळला — डिसेंबरात सरांनीच त्याला ओळखीच्या कंपनीत चिकटवलं. कुठे फेडणार हे सगळं.

१८ जानेवारी, शनिवार

मुसफ्फाला जाऊन आले, अबू धाबीजवळ. सरांचं वर्कशॉप.

हात लावला. रंग उडालेला, दारं गंजलेली, पण अंग सरळ. वर्कशॉपमधल्या भिकाजींनी मागची सीट काढून ठेवली होती. खाली स्प्रिंगमध्ये कागद! प्रत्येक गाडीबरोबर लाइनवर फिरायचा तो — काय काय बसवायचं त्याचे कोड. काम झालं की कामगार सीटखाली कोंबून मोकळे व्हायचे. तपकिरी पडलाय, स्प्रिंगच्या गंजाचे गोल गोल डाग.

ॲक्सलच्या चौकटीत K. मीही K-च धरला होता! पुढच्या-मागच्या गाड्यांवरून केलेला अंदाज. सरांना दिलेल्या यादीत तेविसाव्या गाडीची ओळ कोरीच आहे. अंदाज छापायचा नसतो. तो फक्त माझ्या वहीत, पेन्सिलीने. वही घराबाहेर जात नाही. म्हणजे मी एकटीने, शारजात बसून, बरोबर ओळखलं!

सरांना सांगितलं. ते हसले, "तू आहेसच तशी."

भिकाजी मात्र गप्प. राजापूरचे, सव्वीस वर्षं इथे पत्र्याचं काम करतायत. एरवी मला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. आज मान खाली घालून म्हणाले, "जुळला ना ताई सगळा? बरा झाला." तब्येत बरी नसावी.

गाडी नबिला नावाच्या बाई घेणार आहेत, अबू धाबीच्या. वडिलांसाठी. वडिलांना तरुणपणी अशी गाडी हवी होती, जमली नाही. आता फारसं बोलत नाहीत, पण गाडीचा फोटो दाखवला तर तो हातात धरून ठेवला म्हणे. त्यांना माझा अहवाल हवाय.

२० जानेवारी

अहवाल दिला. 'ही गाडी अस्सल आहे.' खाली माझी सही.

४ फेब्रुवारी

ओहायोहून मेल. ब्रॅडॉक कारखान्यातल्या तपासनिसाच्या मुलीचा. वडील वारले, माळ्यावरच्या खोक्यात त्यांच्या कामाच्या डायऱ्या निघाल्या. तिने पानांचे फोटो पाठवलेत.

तेविसावी: ॲक्सल M. चाचणीत इंजिनाला आग. गाडी भंगारात.

तीनदा वाचलं. तेविसावी कारखान्याच्या फाटकाबाहेर कधी पडलीच नाही.

५ फेब्रुवारी

मुसफ्फाच्या गाडीत K आहे. माझा K. माझीच चूक त्या कागदावर उतरलीय!

८ फेब्रुवारी

एकटीच गेले मुसफ्फाला. सर नव्हते. भिकाजींना बाजूला घेतलं. "ही गाडी कुणी बनवली?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे? तुमीच लिवून दिलात ना ताई?"

"मी?"

"साहेबांनी मोबायलवर फोटू धाडला. तुमच्या वहीचा पान. तुमचा अक्षर मी वळखतंय. म्हणाले, बाईंनीच नंबर काढून दिलेत, तू फक्त पट्टी ठोक." साध्या ब्रॅडॉकचा सांगाडा आणला होता, गोदामातून नाही, भंगारातून. तेविसावीच्या नंबरांची पट्टी त्यांनी ठोकली. कागद सरांनी कुठूनतरी छापून आणला, चहाच्या पाण्यात बुडवला, गंजक्या स्प्रिंगखाली महिनाभर दाबून ठेवला.

"माका वाईट वाटला ताई. म्हटला, ह्या बाईसुद्धा तसल्याच निघाल्या."

टायरवर बसले. म्हणजे त्या दिवशी ते गप्प होते ते माझ्यामुळे! माझी लाज वाटत होती त्यांना!

यात माझा हात नाही अशी मी शपथ घेतली तेव्हा डोळे पुसले त्यांनी. तो फोटो मागितला. त्यांचा तो मोबाइल बंद पडलाय, दुरुस्त झाला की पाठवतो म्हणाले.

९ फेब्रुवारी

सरांना कॅफेटेरियात गाठलं, डायरीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे दोन कडक चहा सांगितले.

"भंगारात गेली? मग तर उत्तमच. खरी कधी समोर येणार नाही."

हे बोलले! मला वाटलं होतं, निदान नाही तरी म्हणतील.

"तुम्ही माझी सही वापरलीत."

"सही तू केलीस, अनुपमा. मी हात धरला नव्हता. त्या म्हाताऱ्याला काय कळणार आहे? तो खूश, मुलगी खूश. तुझं नाव होईल. खलास."

मी विचारलं, वहीचा फोटो कधी काढलात? गणपतीत जेवायला आलात तेव्हा? माझ्या घरात, माझ्या हातचं जेवून?

कप खाली ठेवला त्यांनी. "तुझ्या वहीला मी कधी हात लावलेला नाही." आणि विचित्र हसले.

खोटारडा! तोंडावर खोटं! ज्या माणसाला मी आईच्या तेराव्याला पुण्यातल्या घरी बसवून जेवू घातलं...

१२ फेब्रुवारी

नबिलाबाईंना सांगायचं ठरवलंय. मिथुन नको म्हणतो. "आपण इथे परक्या देशात आहोत. खोट्या कागदावर सही तुझी आहे. केस झाली तर? ईशानीची दहावी आहे." मग हळूच, "माझी नोकरी त्यांच्या शब्दावर आहे."

तो चुकीचं बोलत नाही. मला झोप नाही.

पण तो म्हातारा फोटो हातात धरून बसला होता.

१५ फेब्रुवारी

सांगितलं. त्यांच्या दिवाणखान्यात बसून, सगळं. डायरीचं पान पुढे ठेवलं. सही माझी, चूक माझी, फसले मी — पण तुम्ही फसू नका.

नबिलाबाईंनी पान वाचून उलटं ठेवलं. मग, "वडिलांना उद्या आणून दाखवणार होते." बस्स. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दारापर्यंत सोडायला मात्र स्वतः आल्या.

१७ फेब्रुवारी

सौदा मोडला. सरांनी मला ब्लॉक केलंय. नऊ वर्षांची यादी जिथे जिथे दिली होती तिथे लिहून कळवलं — तेविसावी नष्ट. अहवाल मागे घेतला.

२० फेब्रुवारी

मिथुनला कंपनीने सांगितलं — उद्यापासून येऊ नका.

संध्याकाळी बाल्कनीत बसून होता, समोर दुबईकडची वाहनांची रांग. मी शेजारी बसले. माफी मागितली त्याची. माझ्या वेडापायी तुझी नोकरी गेली म्हटलं. एकदम माझा हात सोडवला त्याने. "तू माझी माफी मागू नकोस, अनु. प्लीज." डोळ्यांत पाणी.

एका माणसाने एवढं फसवलं, पण हा आहे. हा आहे म्हणून मी उभी आहे.

२३ फेब्रुवारी

भिकाजींनी फोटो पाठवला. माझं पान, पेन्सिलीतला K. खाली आमच्या जेवणाच्या टेबलावरची काच. पान मिटू नये म्हणून कडेला दाबून धरलेला अंगठा.

सरांचा नाही. एकोणीस वर्षं ओळखते मी तो अंगठा.