शिवाजीची फ्लॉपी

अंबड,
१२ ऑगस्ट २००३

प्रिय शिवाजी,

पाकीट एवढं जाड का, म्हणशील. बातम्या काही फार न्हाईत, माझं अक्षरच मोठं झालंय. तुझा पुण्याचा पत्ता तुझ्या साळूमावशीकडून घेतला. देता देता मावशीनं विचारलंच, तुम्ही दोघं भांडलात का रे? मी न्हाई म्हणालो, चहा घेतला आणि निघालो.

गेल्या आठवड्यात आपल्या कॉम्प्युटर क्लासात चार नवी मशीनं आली. सगळ्यांवर लिनक्स टाकलं, पण आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी बिलकुल परकी वाटत होती. मंग तुझी फ्लॉपी काढली, तर ती वाचेचना. दोन दिवस बसून तिच्यावरची तुझी सगळी फाईल आठवून आठवून पुन्हा टाइप केली. तुझी एकेक ओळ आठवली की तू बाजूला बसून बोलून राह्यलास असं वाटायचं.

आपण दोघं तिथं शिकवायला लागलो तेव्हा पाचही मशीनं वेगवेगळी वागायची. पोरांना इंग्रजी आज्ञा पाठ होईनात, म्हणून तू त्या आज्ञांना आपली मराठी नावं दिलीस. ‘बघ’ टाइप केलं की फायलींची यादी यायची, ‘जा’ म्हटलं की दुसऱ्या फोल्डरात. ‘पूस’ म्हटलं तर मशीन आधी विचारायचं, नक्की का रे? फ्लॉपी घालून नुसतं ‘मांड’ म्हणायचं, की कुठलंही मशीन पाच मिनिटांत आपलं. जालन्याला कुणाचं मशीन लावायला गेल्तो, अंकुशनगरला गेल्तो, तरी फ्लॉपी खिशात असायची. तिथंही अंबडलाच बसल्यासारखं वाटायचं.

त्या फाईलीत मी एकेक मागणी घालत गेलो. अक्षरं मोठी कर, काळ्यावर पिवळी कर, काम संपलं की घंटी वाजव. तू हसलास. बदरू, रस्त्यावरून वाचायचंय का तुला? मी म्हणालो, मागच्या बाकावरच्यांसाठी रे. तुला ते पटलं. माझा धक्का लागून तुझा चहा दोनदा सांडला, तेव्हाही तू मला वेंधळा म्हणून सोडून दिलंस.

मंग पुण्याच्या कंपनीनं दोघांनाही मुलाखतीला बोलावलं. सकाळच्या गाडीला मी आलो न्हाई, असं तुला वाटतं. मी आल्तो. स्टँडवरच्या टपरीमागं उभा होतो. तू कंडक्टरला हात जोडून दहा मिनिटं गाडी थांबवलीस, फाटकाकडं बघत राह्यलास. गाडी गेल्यावर मी तिथंच खाली बसलो. महिन्यानं तुझं कार्ड आलं, तुझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवलीय. मी उत्तर दिलं न्हाई. त्यानंतर तूही लिहिलं न्हाईस.

त्या मुलाखतीच्या आठ दिवस आधी औरंगाबादच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं मला सांगितल्तं, आधी बाजूचं दिसायचं जाईल, मंग समोरचं. याच्यावर औषध न्हाई. हे तुला सांगितलं असतं तर तू ती गाडी सोडली असतीस. माझ्यासाठी मशीनं मांडत अंबडलाच राह्यला असतास. मी तुला ओळखतो ना.

आता नव्या मशीनवर अक्षरं होतील तेवढी मोठी केली, तरी पुरेनात. म्हणून परवा बहिणीला, जुबेदाला घेऊन पुन्हा डॉक्टरकडं गेलो. ते म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत धरा. बोटांना कीबोर्ड पाठ आहे, क्लास मी चालवीन, त्याची फिकीर करू नको. पण शिवाजी, अडीच वर्षांत मी तुला पाह्यलं न्हाई. दिवाळीची वाट बघू नको, जल्दी ये. दुपारच्या गाडीनं ये, तेव्हा उजेड चांगला असतो. अगदी जवळ बस आणि मला तुला नीट बघून घेऊ दे.

तुझाच, मागच्या बाकाचं खोटं सांगितलेला
बदरोद्दीन