वरच्या खोलीतला रेडिएटर

टोइवो,

तुझ्या आईंना घेऊन हॉस्पिटलात चाललेय. शुद्धीवर आहेत, पण पायाची बोटं निळी पडलीत.

दुपारी स्वयंपाकघराच्या छतातून पाणी गळायला लागलं म्हणून प्लंबर लुंडना बोलावलं. आईंच्या खोलीतला गरम पाण्याचा रेडिएटर आतलं पाणी गोठून तडकलाय. लुंड म्हणाले, "वहिनी, हा बिघडला नव्हता. कुणीतरी चावी घट्ट बंद करून ठेवलीय."

मी आईंना विचारलं, तर म्हणतात कशा, "टोइवो हीटिंगच्या बिलावरून किती चिडतो गं! मला कोट पुरतो."

अरे, खिडकीला आतून बर्फ धरलंय! उशाशी कवळीचा पेला असतो ना, तोसुद्धा गोठलेला!

बॉयलर बंद आहे, लुंड परत येईपर्यंत हात लावू नकोस. छताखालची बादली रिकामी कर. आणि आईंना एक शब्द बोलू नकोस.

सकाळी कॉफी वर नेतात आणि तासभर खाली येत नाहीत, म्हणून तू त्यांना 'राणीसाहेब' म्हणायचास. मीही हसायचे. त्या कॉफीच्या कपाला पेला टेकवून बर्फातून कवळी सोडवत बसायच्या रे.

इल्मा