हयातीचा दाखला

आप्पा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. आज लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत होत नाही. मी परळला एका सुविधा केंद्रात काम करते. तुमच्या वेळी असं काही नव्हतं. छोटासा गाळा, दोन कॉम्प्युटर, बोट ठेवायचं एक यंत्र आणि डोळ्यांवरून ओळख पटवायचं दुसरं. कार्डावरचा पत्ता बदलायचा असो की उत्पन्नाचा दाखला हवा असो, लोक आमच्याकडे येतात. पेन्शन घेणाऱ्यांना वर्षातून एकदा आपण हयात आहोत हे दाखवावं लागतं, तेही आमच्याकडेच होतं. बोट ठेवलं, पटलं, की माणूस मोकळा. बहुतेकांचं दोन मिनिटांत होतं आणि पूर्वी अख्खा दिवस जायचा म्हणत ते हसत घरी जातात, हेही तुम्हाला सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगी नुसती कुरकुर करते.

गेल्या नोव्हेंबरात लालबागहून एक आजी आल्या. यजमान गिरणीत होते, ते गेल्यावर त्यांची पेन्शन आजींना मिळते. मूलबाळ नाही. स्वतः आजींनी जन्मभर मसाल्याच्या दुकानांत मिरच्यांचे देठ खुडले. त्यांचं बोट हातात घेतलं तर बोटाचं टोक नव्या साबणासारखं गुळगुळीत. यंत्राने एक बोट नाकारलं, दुसरं नाकारलं, दहाही नाकारली. डोळ्यांत मोतीबिंदू, तेही जमेना. मग मोबाइल चेहऱ्यासमोर धरून मी म्हणाले, "आजी, डोळे मिचकावा." त्यांनी सगळं तोंडच मिचकावलं. कार्डावरचा फोटो जुना, तेव्हा दात होते, गाल भरलेले होते. स्क्रीनवर आलं, चेहरा जुळत नाही. "माका वळखणा नाय गो ता?" आजींनी विचारलं. "मी हय बसलंय मा तुझ्या समोर!" मी हसले आणि म्हणाले, उद्या या. दुसऱ्या दिवशी त्या बोटांना खोबरेल लावून आल्या, कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. चार दिवस येत राहिल्या. लालबागहून चालत, वाटेत दोनदा टेकत. पाचव्या दिवशी आल्या नाहीत आणि खरं सांगते आप्पा, मला सुटल्यासारखं वाटलं.

तुम्ही लालबाग-चिंचपोकळीच्या चाळींतून टपाल वाटायचात. दिवाळीच्या सुट्टीत एकदा मला बरोबर नेलंत, तो दिवस मला आता सारखा आठवतो. एका विधवा म्हातारीची मनिऑर्डर होती. दारात तिचा पुतण्या उभा. म्हणतो, "काकी झोपलीय, कागद द्या, मी आत जाऊन अंगठा घेऊन येतो." मला भूक लागलेली, मी तुमची बाही ओढते, "आप्पा, द्या ना, चला." तुम्ही चपला काढून सरळ आत गेलात. "काकी, उठून बसा, पोस्टमन आलाय," म्हणालात आणि ती उठून बसेपर्यंत थांबलात. जिन्यात मला रागावलात. "अंगठा साहेबाला लागतो. मला बाई दिसली पाहिजे, बसलेली, बोललेली. परत माझी बाही ओढायची नाही." मी रडले होते. मला वाटलं होतं, एवढ्याशा गोष्टीला काय रागवायचं.

आजी माझ्यासमोर चार दिवस बसल्या, बोलल्या. आणि माझ्या ड्रॉवरमध्ये पहिल्या दिवसापासून एक कागदी फॉर्म होता. यंत्राला पटलं नाही तर तो भरायचा, बँकेच्या अधिकाऱ्याने माणूस प्रत्यक्ष बघून सही करायची. नियमात आहे. पण आमच्या सुपरवायझरने ऑक्टोबरातच फोनवर बजावलं होतं, "मॅडम, कागदी फॉर्म काढू नका. वर सेंटरचा रिपोर्ट खराब दिसतो. उद्या ट्राय करा म्हणून सांगायचं." माझं काम कंत्राटी. मार्चमध्ये नाव पुढे गेलं तर ठीक, नाहीतर घरी बसायचं. मुलीच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष. म्हणून मी उद्या या म्हणत राहिले.

फेब्रुवारीत आजींच्या चाळीतल्या शेजारीणबाई स्वतःच्या काही कामासाठी केंद्रात आल्या. मी सहज विचारल्यासारखं करून आजींची चौकशी केली. त्या म्हणाल्या, पेन्शन कधीच बंद झाली, आम्ही डबा देतो, पण म्हातारी सगळं घेत नाही, लाजते. त्याच दुपारी मी फॉर्म घेऊन चाळीत गेले, टॅक्सी केली, आजींना बँकेत नेलं. बँकेच्या पायऱ्या त्यांना चढवेनात. आतली अधिकारी बाई, माझ्या मुलीहून चारपाच वर्षांनी मोठी असेल, स्वतः खाली आली, टॅक्सीच्या खिडकीत वाकली. "आजी, नाव सांगा तुमचं." आजींनी नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, गाव सांगितलं. तिने टॅक्सीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. पुढच्या महिन्यात पेन्शन सुरू झाली, राहिलेलीही मिळाली. माझं कंत्राटही वाढलं. म्हटलं, निभावलं.

गेल्या आठवड्यात आजींना झटका आला. इथेच, परळच्या इस्पितळात आहेत. डावा हात उचलला जात नाही, बोलणं थोडं जड झालंय. मी जेवणाच्या सुट्टीत जाते. परवा डॉक्टरांनी विचारलं, ब्लडप्रेशरच्या गोळ्या वेळेवर घेत होत्या का? शेजारीण म्हणाली, "मध्ये थंडीत एक दिवसाआड घ्यायच्या, पुरवून पुरवून." डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. त्यामुळेच झालं का, हे मला विचारायचं होतं. मी दोनदा त्यांच्या मागे कॉरिडॉरमध्ये गेले आणि दोनदा परत आले. रोज कामावर यंत्राने कुणाचं बोट नाकारलं की माझा हात ड्रॉवरकडे जातो. आता मी फॉर्म काढते, सुपरवायझर ओरडतो, पण काढते. तेवढ्याने जीव शांत होत नाही.

एक गोष्ट अजून लिहिली नाही. त्या दिवशी बँकेतून टॅक्सीने परतताना आजींनी माझा हात धरला. "देवासारखी इलंस गो बाय," म्हणाल्या. मग जरा वेळाने विचारलं, "ह्यो कागद आदी नाय होतो?" मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाही आजी, नवीन नियम आलाय. आत्ताच."

उद्या एकला भेटायची वेळ आहे. मी संत्री घेऊन जाणार आहे. सोलून, बिया काढून एकेक फोड त्यांना भरवीन. त्या मला पुन्हा आशीर्वाद देतील, आणि आप्पा, मला माहीत आहे, मी तो घेईन.