गप्प टीव्हीची दुपार

दि. १९, मंगळवार, सकाळचे दहा

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. खोका चेपला होता, पण आतली वस्तू शाबूत आहे. माझी तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, पण सध्या या घरात बोलणारा तो एकटाच, म्हणून त्याला काही म्हणत नाही. धाकटीचा दात पडल्याचं कळलं. तिला म्हणावं, आजोबांचे तर पाच पडलेत, कुणी कौतुकसुद्धा केलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तुला फोन करून माझी तक्रार केली, हे तू गोड शब्दांत सांगितलंस. टीव्हीचा आवाज त्यांच्या छतापर्यंत जातो म्हणे. जात असेल. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेल्या माणसाचे कान आणखी कसे असणार? जुना हेडफोन कुठे गेला, असं तू विचारलंस आणि मी हरवला म्हणालो. म्हणून तू नवा घेतलास, वर तो जोडून द्यायला माणूसही ठरवलास. तुझं सगळं असंच, घोड्याबरोबर लगामही पाठवायचा.

तो माणूस काल सकाळी अकराला आला. पन्नाशीचा, जाडजूड, बोलका. सोफ्यावर बसल्याबसल्या त्याने माझ्या हातून रिमोट घेतला आणि मला शिकवायला लागला. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये जायचं, आवाजाच्या खाली ब्लूटूथ, मग हेडफोनचं बटण निळा दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, की बॉक्स त्याला शोधून काढतो. मी मान हलवत होतो. मला हे सगळं येतं, हे त्याला सांगितलं नाही.

बॉक्सने शोधायला सुरुवात केली आणि टीव्ही एकदम गप्प झाला. बातम्या वाचणारी बाई नुसती ओठ हलवत होती. नव्या हेडफोनचा दिवा अजून लुकलुकतच होता. माणूस म्हणाला, काका, हा भलत्यालाच जोडला गेला. पडद्यावर जुन्या हेडफोनचं नाव आलं होतं, पुढे "जोडले आहे" असं लिहिलेलं. तो म्हणाला, हा घरातच आहे, चालू आहे आणि चांगला चार्ज केलेला आहे.

मग आतल्या खोलीतून आवाज यायला लागला. बारीक, मुंगीएवढा. तो बातम्यांचाच आवाज होता, पण तुझ्या आईच्या कपाटातून येत होता. माणूस हसला. म्हणाला, काका, तुमचं कपाट बोलायला लागलं. मला घाम फुटला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! त्याला पाणी दिलं, नवा हेडफोन जोडून झाला म्हटलं आणि जवळजवळ ढकलूनच बाहेर काढला. तो जोडून झालेलाच नव्हता. अजून खोक्यात आहे.

आता खरं लिहितो. जुना हेडफोन हरवला नव्हता. तो तुझ्या आईच्या साड्यांखाली असतो. दर सोमवारी सकाळी मी तो काढतो, चार्ज करतो आणि परत ठेवतो. काल ठेवताना बटण बंद करायचं राहिलं, एवढंच.

कशाला चार्ज करतो, विचारशील. दुपारी जेवण झालं की मी तो कानाला लावून बसतो. टीव्ही बंद असतो. आत काहीच नसतं, नुसती एक बारीक शीळ. एक्सचेंजमध्ये रिकाम्या लाइनवर असायची तशी. त्या शीळेच्या मागे तुझी आई मला हाक मारते. "अहो." एकदाच. मी हेडफोन काढतो, उठतो, मागच्या गॅलरीत जाऊन बघतो. गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी असते. परत येऊन बसतो, परत लावतो. वर्षभर हे चाललंय. डोकं फिरलंय म्हणशील तर म्हण, पण ते तसं नाही. मला ती हाक ऐकायची असते, आणि दुसऱ्या कुठेही ती येत नाही.

खारे, तुझी आई गेली त्या दुपारी मी औषधं आणायला गेलो नव्हतो. मी घरीच होतो. हॉलमध्ये, सोफ्यावर, हेडफोन लावून मॅच बघत होतो. हॉलपासून गॅलरीपर्यंत अकरा पावलं आहेत, मी मोजली आहेत. हेडफोन घरात येऊन नऊच दिवस झाले होते आणि मी लहान पोरासारखा हरखलो होतो. कुणी "आवाज कमी करा" म्हणत नव्हतं. मॅच संपली तेव्हा पावणेपाच झाले होते. चहा का नाही आला, हे विचारायला मी आत गेलो. चहा का नाही आला, हे विचारायला.

डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही कुठे होतात? माझ्या तोंडून निघालं, औषधं आणायला. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. तासभर आधी आणलं असतं तर, एवढं म्हणून ते थांबले. त्यानंतर मी ते खोटं इतक्यांदा सांगितलं की मला त्या दुकानातली गर्दीही आठवायला लागली होती.

पण माझं खोटं माझ्यापाशी राहिलं नाही. चौथ्या दिवशी तू तिचा मोबाईल उघडलास. पावणेचारला तिने दादाला फोन केल्याचं त्यात दिसलं. त्याच्या कारखान्यातल्या टेबलावरच्या नंबरवर, कारण तिथे मोबाईल आत नेऊ देत नाहीत. दादा त्या वेळी मशीनपाशी होता, फोन कुणी उचलला नाही. तू त्याला सगळ्यांसमोर म्हणालीस, "आई तुला बोलावत होती आणि तुला वेळ नव्हता." तो काहीच बोलला नाही. मीही बोललो नाही. मी शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो, तुला आठवत असेल. त्या दिवसापासून तू भावाचं तोंड बघितलेलं नाहीस. मला वाटायचं, त्याचं खापर उतरवलं तर ते माझ्या डोक्यावर येईल आणि मग माझ्याकडे कोण येणार? तू येत होतीस. मला तू हवी होतीस. एवढा मी स्वार्थी झालो.

काल त्या माणसाला घालवल्यावर मी कपाटापुढे बसलो. आत बातम्या चालूच होत्या. मग संध्याकाळी दादा घरी पोचल्यावर त्याला फोन लावला. सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं. मला वाटलं, लाइन कटली.

मग तो म्हणाला, "बाबा, मला माहीत आहे."

त्याच्या टेबलावरच्या फोनला निरोप नोंदवणारं मशीन आहे. तो त्या संध्याकाळी, सगळं कळल्यानंतर, टेबलापाशी गेला आणि त्याने तो निरोप ऐकला. आईच्या आवाजातला. वर्षभर तो ते मनात ठेवून होता. मी विचारलं, काय म्हणाली? नको म्हणाला. मी म्हटलं, सांग, मला ते ऐकायचंय. तेव्हा त्याने शब्दन् शब्द सांगितला. म्हणाली होती, "अरे, गॅलरीत पडलेय, छातीत दुखतंय. गाडी घेऊन ये. घाबरू नकोस, यांना हाक मारलीय, टीव्ही गप्प झालाय, येतीलच आता."

खारे, आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. ती हाक मारायची, मी रिमोटने आवाज बंद करायचो. मी कधी "काय गं" म्हटलं नाही. टीव्ही गप्प झाला की तिने समजायचं, मी ऐकतोय. चौतीस वर्षं. मागे कपड्यांचं मशीन घरघरत होतं. ते थांबलं, तिने हाक मारली आणि हॉलमधून टीव्हीचा आवाज येत नव्हता. हेडफोन जोडला की टीव्ही गप्पच असतो. नऊ दिवसांची नवी गोष्ट तिच्या त्या वेळी कुठून लक्षात राहणार? म्हणून तिने मला दुसरी हाक मारली नाही. माझ्या मोबाईलवर फोनही केला नाही. ती माझी वाट बघत होती.

दादाला मी विचारलं, हे तू खारूला का नाही सांगितलंस? म्हणाला, "तिची आई तर गेलीच होती, बाबा. वडील तरी राहू देत म्हटलं." मी तुम्हा दोघांना वाढवलं, पण हा असा कधी झाला, मला कळलंच नाही. शिव्या खाल्ल्या, बहीण गमावली, पण माझं नाव घेतलं नाही.

तेव्हा माझं एक ऐक. हे पत्र वाचून झालं की पहिला फोन मला करू नकोस. त्याला कर. संध्याकाळी सहानंतर तो घरी असतो. काय बोलायचं ते सुचलं नाही तर नुसती रडलीस तरी चालेल, त्याला कळेल. नंतर मला फोन करायचा की नाही, हे तू ठरव. नाही केलास तर मी विचारायला येणार नाही. रागाव. तुझा राग मला झेपेल, त्याच्या माथी मारलेला मला आता झेपत नाही.

धाकटीला काही सांगू नकोस. तिला आजोबा थोडे दिवस तसेच असू देत.

त्या दुपारी घरीच असलेला,
तुझा बाबा