आरशागत घोटा

४ जानेवारी
राजवर्धन फलटणहून नवा पाय न्यायला आला. घोट्याचा सांधा आमच्या मिरजेच्या लॅबमधला — टायटॅनियमची पावडर लेझरनं थरावर थर वितळवून छापलेला. छापलेला धातू खरबरीत असतो आणि खरबरीत जागीच भेग धरते, म्हणून घासावा लागतो. त्यानं बोट फिरवलं. "आरशागत केलाय की, मॅडम. कुणी घासला?"
"मशीननं," म्हटलं. खोटं! आठवडाभर माझीच बोटं दुखतायत.
स्वतःचा पाय सैन्यात गेला, ऐट शाबूत आहे.

१९ जानेवारी
फोन नाही. कशाला करेल? पाय चालतोय, माझं काम संपलं.

२ फेब्रुवारी
आईनं माझ्या लग्नासाठी डबे आणले. नाव घालणाऱ्याला म्हणे सांगितलं, "'कस्तुरी' खोल घाल, पुसाय नको. पुढं जागा सोड. जावयाचं नाव मागनं घालू." जावयाचा पत्ता नाही, डबे तयार! मी हसले, मग न्हाणीत जाऊन रडले. मला तोच हवाय. पण मी जैनाघरची, तो मराठा — आणि त्याच्या मनात काय आहे तेही माहीत नाही.

२० फेब्रुवारी
लॅबमधलं मशीन तसलाच दुसरा घोटा दाबतंय, सोडतंय. पावलं टाकल्यासारखं. लाखो झाली, ठणठणीत आहे. धातू एका दणक्यानं नाही मोडत, रोजच्या थोड्या थोड्या वजनानं मोडतो. माझंही तेच चाललंय.

११ मार्च
फोन आला! "घोटा करकरतोय. पाठवतो. पर तुमीच उघडा, दुसऱ्या कुणाकडं दिऊ नका." आवाज चोरट्यासारखा. आमचे प्रमुख मदन सर म्हणाले, "छापताना आत पोकळी राहिली असणार. तसं निघालं तर छापलेले पाय बंद." म्हणजे त्याला पुन्हा कुबड्या, आणि मला त्याला भेटायचं निमित्तही नाही.

१३ मार्च
घोटा आला. एक्स-रे काढला. बारीक भेग दिसतेय, पण पोकळी कुठंच नाही. मग भेग आली कुठून?

१४ मार्च
वरचं रबरी पाऊल काढून घोटा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मी घासलेल्या आरशावर भांड्यावर घालतात तसं नाव घातलंय, ठिपक्याठिपक्यांनी, खोल. भेग निघालीय 'क'च्या टोकातून. पुढं 'स्तुरी'.
नवा घोटा घेऊन मीच फलटणला निघालेय. नाव पायावर नाही, डब्यावर घालतात, हे त्याला समोर बसून सांगायचंय. आईनं जागा सोडलीच आहे.