तळमजल्याचं दार

३ जून
आले एकदाची स्वतःच्या घरात! दादाने शब्द पाळला. तळमजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर, मोरी. शिलाई मशीन खिडकीच्या गजांपाशी मस्त बसलं आणि कापडाच्या गठ्ठ्यांनाही जागा उरली. नवऱ्याने सोडल्यापासून याच्या-त्याच्या घरी पडून होते, आता कुणाची बोलणी खायला नकोत. दादा-वहिनी वर तिसऱ्या मजल्यावर. दार तर बघत राहावं असं आहे. जाड लोखंडी, कडेने रबराची पट्टी. लावलं की धूळ नाही, रस्त्याचा गोंगाट नाही. बाहेरून आडवा अडसर आहे. तो कशाला, विचारलं तर दादा म्हणाला, तू कुठे गावाला गेलीस की कुलूप घालायला. गंजून बसला होता. मशीनचं तेल सोडलं, आता लोण्यासारखा सरकतो. दादाने पाठ थोपटली.

९ जून
गिऱ्हाइकं येऊ लागली. वरच्या बायका पडदे, अभ्रे, गणवेश घेऊन येतात, तोंडभर बोलतात, पण घरात कुणी टेकत नाही. मापं जिन्यातच घ्यायची. नखरे मेले! दुपारी लख्ख ऊन असताना मोरीतून पाणी वर आलं. खारट वास. वॉचमन म्हणाला, बाई, इथे खाडी होती. भराव टाकून इमारती उठवल्या, आता पाण्याने पसरायचं कुठे? त्यात समुद्र वर्षागणिक वर चढतोय, मोठ्या भरतीला गटारं उलटी वाहतात. बाकीच्या तळमजल्यावरच्या मोऱ्या सिमेंटने बुजवल्यात म्हणे. मग माझी का नाही, विचारलं, तर त्याला एकदम गेटवर काम निघालं.

१७ जून
परत पाणी. घोट्यापर्यंत. गणवेशांचं कापड भिजलं. दादाला म्हटलं, माझीही मोरी बुजव. त्याने हसण्यावारी नेलं. म्हणाला, एक तोंड मोकळं ठेवावंच लागतं गं, नाहीतर पाइप फुटून लिफ्ट, मीटर सगळं जाईल. वहिनी माझ्याकडे बघेना. सख्खा भाऊ, म्हणून मीही ताणलं नाही.

२२ जून
ओलीने दाराचा रंग फुगला, पोपडे निघाले. रंगाखाली ओरखडे आहेत. आतल्या बाजूने. नखांचे. सगळ्यात वरचे दाराच्या अगदी वरच्या कडेला — तिथे टाचा उंचावूनही माझा हात पोचत नाही. तरंगत असेल तरच —
आणि ती रबराची पट्टी. उलट-सुलट बाजू ओळखण्यात माझा जन्म गेला. ती आतून दाब आला की घट्ट बसते. बाहेरचं पाणी अडवायला नाही हे दार. आतलं आतच ठेवायला आहे.

२४ जून, सकाळ
वादळ. आज मोठी भरती. वॉचमनला खोदून खोदून विचारलं, शेवटी बोलला. माझ्याआधी इथे सोसायटीच्या सेक्रेटरीचा म्हातारा मामा होता. खालची खोली रिकामी दिसली की वरची घरं खपत नाहीत, म्हणून दर वेळी वरच्यांपैकी कुणीतरी आपलं माणूस आणून ठेवतो. यंदा दादाची पाळी होती.
माझ्या दादाची.
पिशवी भरत होते, तेवढ्यात तोच आला. रस्ता बुडालाय म्हणाला. आवर, आता वर न्यायला येतो. डोळे भरून आले होते त्याचे. माझा सगळा राग गेला. वेडी मी. थांबले.

दुपार
दार उघडत नाही. मोरी उसळतेय. गज हलत नाहीत. मशीनवर चढून लिहितेय —

पाणी मशीनच्या वर. दादा दारापलीकडे आहे. रबरातून पुसट ऐकू येतं. रडतोय. ओहोटीपर्यंत दम धर म्हणतोय. लहानपणी पोहायला मीच शिकवलं ना तुला, म्हणतोय —

दार उघड म्हटलं. जिन्यात पाणी जाईल, म्हणतोय —

मशीनवर उभी, तरी कमरेपर्यंत — अडसर कधी लावला कळलंच नाही. जरा कुरकुरला असता तरी धावले असते. तेल मीच —